दादाच्या वाटणीचं मीठ

कापलेलं गाजर मेलेलं नसतं. हे वाक्य मी गेल्या सहा वर्षांत निदान चारशे वेळा बोलले असेन. शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यांपुढे, मुख्याध्यापकांपुढे, एकदा तर एका लग्नात जेवणाच्या पंगतीत. दर वेळी समोरचा माणूस आधी हसतो आणि मग ताटातल्या कोशिंबिरीकडे जरा संशयाने बघतो. पण गोष्ट खरी आहे. गाजर उपटलं, धुतलं, सोललं, किसलं, तरी त्या किसातल्या पेशी पुढचे कित्येक दिवस श्वास घेत असतात. आणि आपल्याला किसणी लागली आहे, हे त्यांना कळलेलं असतं.

कळतं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. झाडाला पळून जाता येत नाही, ओरडता येत नाही. त्याच्याकडे रसायनं तेवढी असतात. पेशीला जखम झाली की ती जॅस्मोनेट नावाचं एक संप्रेरक तयार करते. त्याचा एक प्रकार वाफ होऊन हवेतून शेजारच्या पेशींपर्यंत पोचतो आणि किडा आलाय, तयारीला लागा, असा निरोप देतो. मग सगळ्या पेशी कडवट, तुरट, किड्याला नकोशी वाटतील अशी संयुगं बनवायला घेतात. किड्याला नकोशी असलेली यांतली बरीचशी संयुगं माणसाच्या शरीरात अँटिऑक्सिडंट म्हणून कामाची असतात. आम्ही एवढंच केलं, की किसलेलं गाजर एका बंद खोलीत पंधरा अंशांवर ठेवून त्यावर या संप्रेरकाची वाफ सोडली. प्रत्यक्षात एक किसणी लागलेली असताना गाजराला वाटे, की अख्खं शेत खाल्लं जातंय. वीस तासांत त्यातली अँटिऑक्सिडंटं तिपटीवर जात. त्या वाफेला जाईच्या फुलांसारखा वास येतो, म्हणून कारखान्यातल्या बायका त्या खोलीला जाईची खोली म्हणायच्या. गाजराला फसवणं हा माझा पेशा होता आणि त्यात मी चांगली हुशार होते.

कारखाना सांगलीजवळ, कुपवाडला. कंपनीचं नाव सत्त्वभाजी. गाजरही साधं नव्हतं. काळं गाजर आणि एक रानटी जात यांच्या संकरातून आम्ही ते तयार केलं होतं, कारण ते वाफेला जास्त जोरात दाद देई. २०३५ सालच्या जूनपासून आमचा कीस राज्यातल्या शाळांच्या दुपारच्या जेवणात जाणार होता. त्यासाठी सुरक्षिततेचा एक दाखला लागत होता आणि त्याच्या तळाशी सही असणार होती डॉ. मृणाल इंगवले, म्हणजे माझी.

आता घरचं सांगते. आमचं घर जयसिंगपूरला. तिथे आई, माझा थोरला भाऊ धैर्यशील आणि त्याची बायको राजश्री राहतात. दादा साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. चार वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा मी माझी एक त्याला दिली. हे सांगताना लोक आवाज बदलतात. मी बदलत नाही. ऊतींची जुळणी उत्तम होती, मी निरोगी होते, आणि तो माझा दादा आहे. मात्र त्यानंतर घरात माझं वजन वाढलं हे खरं. मी म्हणेन ती पूर्व, असं होऊ लागलं. मला ते आवडत होतं, हेही खरंच.

दुसऱ्याची किडनी घेतलेल्या माणसाला जन्मभर एक औषध घ्यावं लागतं, टॅक्रोलिमस. शरीराने नवी किडनी परकी म्हणून मारू नये म्हणून ते असतं. रक्तातलं त्याचं प्रमाण फार अरुंद पट्ट्यात ठेवावं लागतं. कमी पडलं तर शरीर किडनीवर तुटून पडतं, जास्त झालं तर औषधच किडनी जाळतं. दादाचं प्रमाण पाच ते आठ यांत असायला हवं होतं आणि चार वर्षं ते तसं होतं. त्याचं श्रेय वहिनीचं. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, घड्याळ चुकेल पण ती चुकायची नाही. मिठाचंही तसंच. दवाखान्यातून घरी सोडताना आहारतज्ज्ञांनी एक लहानसा चमचा दिला होता. दिवसाचं सगळं मीठ तेवढ्यात बसवायचं. वहिनी रोज सकाळी तो चमचा सपाट भरून एका वाटीत काढून ठेवायची, आणि दादाच्या पोटात जे काही जाईल त्याला मीठ त्या वाटीतलंच.

आदल्या नोव्हेंबरपासून मी दर रविवारी घरी जाताना आमच्या किसाची पाकिटं न्यायला लागले. रोज एक, अशी सहा पाकिटं. दादाला याचा फायदा व्हावा असं मनापासून वाटत होतं, आणि आपण केलेली वस्तू आपल्या माणसांनी खावी, असंही. मिरजेच्या दवाखान्यात दादाला बघणारे डॉ. हुक्केरी यांना मी फोनवर विचारलं, पाकीटबंद गाजराचा कीस चालेल का. निर्जंतुक असेल तर चालेल, म्हणाले. मी गाजर म्हणाले, त्यांनी गाजर ऐकलं. जाईच्या खोलीबद्दल मी काही बोलले नाही, कारण माझ्या लेखी ते गाजरच होतं.

कीस कडवट लागायचा. हा त्याचा ठाऊक असलेला दोष. दादा पहिल्या आठवड्यात काही न बोलता खात राहिला. बहिणीने केलंय म्हटल्यावर त्याने शेणही खाल्लं असतं. वहिनीने मात्र दुसऱ्याच आठवड्यात उपाय काढला. कारल्याला करतात तसं तिने किसाला मीठ चोळलं, दहा मिनिटं ठेवलं आणि घट्ट पिळून काढलं. कोशिंबीर गोड लागायला लागली. मी रविवारी हे ऐकलं तेव्हा जरा नाक मुरडलंच. सहा वर्षं खपून जे गाजरात भरलं, ते ही बाई पिळून टाकत होती. मी पिळलेला कीस डबीत घालून प्रयोगशाळेत नेला आणि मोजला. दोन-तृतीयांश माल गेलेला होता. राहिलेला एक-तृतीयांश म्हणजे साध्या गाजराइतका झाला, असा हिशेब करून मी विषय सोडून दिला.

फेब्रुवारीच्या तपासणीत दादाच्या रक्तातलं औषधाचं प्रमाण सतरा निघालं. किडनीचं काम मंदावलं होतं, हात थरथरत होते. डॉ. हुक्केरींनी दोन दिवस गोळी बंद केली आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून विचारलं की गोळ्या कोण देतं. वहिनी म्हणाली, मी. किती देता, तर तिने बरोबर सांगितलं. मग शिल्लक गोळ्या मोजून ताळा बघावा असं ठरलं, पण ते जमण्यासारखं नव्हतं. वहिनी सगळ्या गोळ्या पाकिटातून सोडवून आठवड्याच्या डबीत आणि एका बरणीत भरायची, आणि रिकामी पाकिटं बंबात टाकायची. किती आणल्या आणि किती गेल्या, याला पुरावा काही उरला नव्हता. डॉक्टर सौम्यपणे म्हणाले की घाईत कधीकधी दोनदा दिल्या जातात, असं खूप घरांत होतं.

मी गाजराचा विचार केला नव्हता असं नाही. गाजर, कोथिंबीर, शेपू, ओवा ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत आणि त्या कुळाची एक खोड आहे. किड्याची चाहूल लागली की ती फ्युरानोकुमरिन नावाची संयुगंही थोडीफार बनवतात. पपनसात तीच असतात. किडनी घेतलेल्या माणसाला पपनस खाऊ नको म्हणून सांगतात ते याचसाठी. आतड्यात औषध फोडणारं एक विकर असतं, ते ही संयुगं बंद पाडतात. मग औषध फुटत नाही, सगळंच्या सगळं रक्तात उतरतं. आमच्या किसात फ्युरानोकुमरिन वाढतं, हे मला माहीत होतं. माझ्याच फायलीत होतं. पण माणशी पन्नास ग्रॅम धरले तर ते मर्यादेत बसत होतं, आणि दादा तर पिळलेला कीस खात होता, ज्यात जवळजवळ काही उरत नव्हतं. खात्री म्हणून वहिनीला विचारलं, रोज पिळता ना. तिने मान डोलावली, अगदी रोज. म्हणजे गाजर सुटलं. राहिली वहिनी.

दवाखान्याच्या जिन्यात, आई आणि दादा ऐकत असताना, मी तिला म्हणाले, "मी शरीरातला अवयव काढून दिला, वहिनी. तुम्हाला दिवसाच्या चार गोळ्या मोजता येत नाहीत?"

दादा भिंतीकडे बघत राहिला. आईने मात्र तोंड सोडलं. हिचं लक्ष सदा फोनमध्ये, असं म्हणाली, जे खोटं होतं. मला तेव्हा आईचं बोलणं थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही, कारण माझा राग मला शास्त्रशुद्ध वाटत होता.

त्याच आठवड्यात वहिनी गडहिंग्लजला माहेरी निघून गेली. गोळ्या आणि स्वयंपाक दोन्ही आईकडे आलं. आईही कीस मीठ चोळून पिळायची, वहिनीनेच शिकवलं होतं. तीन आठवड्यांनी दादाचं रक्त तपासलं, प्रमाण सात. गोळ्यांचा डोस तोच, गाजर तेच, पिळणं तेच. बदलला होता एकच माणूस. यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माझ्या कामातसुद्धा क्वचितच मिळतो. आई शेजारणींना सांगत सुटली. मी कुणाला काही सांगितलं नाही, पण मनात निकाल लावून मोकळी झाले होते.

एप्रिलच्या सुरुवातीला दादा स्वतः गडहिंग्लजला जाऊन वहिनीला घेऊन आला. त्याने तिची कशी समजूत काढली ते मला ठाऊक नाही. दादा अशा गोष्टी सांगत नाही. वहिनी एका अटीवर आली. गोळ्यांना ती हात लावणार नाही, गोळ्यांच्या कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. ती फक्त स्वयंपाक करणार. घरात तिघंही एकमेकांशी कामापुरतं बोलायची. रविवारी मी गेले की वहिनी माझ्यासाठी मटण करायची, वाढायची आणि आत निघून जायची. पूर्वी ती माझ्याजवळ बसून कारखान्यातल्या गमती विचारायची. ते बंद झालं होतं आणि मला ते खुपत होतं, पण चूक तिची आहे असं धरून चालल्यावर आपण पुढे होऊन बोलायचं कारण उरत नाही.

एप्रिल संपताना दादाचं प्रमाण एकोणीस निघालं.

या वेळी गोळ्या आईच्या हातात होत्या. आईने चार-चारदा शपथा घेतल्या, आणि तिच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. वहिनीवर घेताना मात्र आम्हाला एक मिनिटही लागलं नव्हतं. डॉक्टरांनी दादाला दुसऱ्या दिवशी भरती व्हायला सांगितलं. किडनीचा तुकडा काढून तपासायचा होता.

बुधवारी सकाळी साडेसहाला मी गाडी घेऊन जयसिंगपूरला पोचले. गेल्या कित्येक वर्षांत त्या घरात मी रविवार सोडून कधी पाय ठेवला नव्हता. वहिनी स्वयंपाकघरात होती. परातीत धपाट्यांचं पीठ, त्यात लसूण-मिरचीचं वाटण आणि तीळ. शेजारी पिळलेल्या किसाचा गोळा. आणि एका वाटीत नारिंगी-जांभळं पाणी. मी बघत असताना तिने ते पाणी पिठात ओतलं आणि मळायला घेतलं.

"हे पाणी कशाला घातलंत?" मी विचारलं.

"ह्यांच्या धपाट्यात घालते रोज," ती मान वर न करता म्हणाली. "मीठ हाय न्हवं त्यात. ह्यांच्या वाटणीचं."

मग तिने मळता मळता सांगितलं. कोशिंबीर घरात एकच होते आणि दादाही तीच खातो, म्हणून किसाला चोळायचं मीठ दादाच्या वाटीतलंच घ्यावं लागतं. अर्धं मीठ त्यातच जातं. पिळलेलं पाणी ओतून टाकलं तर ते मीठही जाणार. मग धपाटे अळणी होतात आणि दादा अर्धपोटी उठतो. वरून मीठ घातलं तर चमच्याचं माप मोडतं. म्हणून पाणी त्याच्या दोन धपाट्यांत. तिचे आणि आईचे धपाटे वेगळे, साध्या पाण्यातले. मला ते कधी दिसले नव्हते, कारण रविवारी माझ्यासाठी मटण असायचं.

मी विचारलं, हे केव्हापासून. तुम्ही गाजर आणायला लागल्यापासून, असं तिने सांगितलं.

"मला बोलला नाहीत कधी."

"पिळता का म्हणून इच्यारलंसा. पिळते म्हणून सांगिटलं," वहिनी म्हणाली. "पाण्याचं कुणी काय इच्यारलं न्हाई."

मी ओट्याला धरून उभी राहिले. आकडे आपोआप जुळत गेले. रोज अख्खं अडीचशे ग्रॅमचं पाकीट, तिघांचं. त्यातला दोन-तृतीयांश माल त्या वाटीभर पाण्यात, आणि ते सगळं पाणी एका माणसाच्या पोटात. वर कोशिंबिरीतला त्याचा वाटा होताच. मी फायलीत धरलेल्या पन्नास ग्रॅमच्या जवळजवळ चौपट, रोज सकाळी, गोळीच्या वेळेला. तव्यावर भाजल्याने ती संयुगं फारशी जात नाहीत. कडवटपणा लसूण-मिरचीत लपला होता. आई पिळलेलं पाणी मोरीत ओतायची, कारण आईला मिठाचं माप सांभाळायची सवय नव्हती. ती डोळ्याच्या अंदाजाने घालायची. दादा आईच्या हलगर्जीपणाने वाचला होता आणि वहिनीच्या काटेकोरपणाने मरायला लागला होता.

मी वहिनीच्या हातातलं पीठ काढून घेतलं. कारण सांगितलं, पण घाईत, अर्धवट. तिला एवढं समजलं की तिच्या हातून नवऱ्याच्या पोटात विष गेलं. तिने हात धुतले आणि पदराला पुसत राहिली, बराच वेळ. माफ करा, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. बाहेरून दादाने हाक मारली, उशीर होतोय म्हणून. मी वाटीच्या तळाचं पाणी बाटलीत भरलं आणि निघाले.

प्रयोगशाळेत माझा अंदाज खरा ठरला. त्याच दिवशी मी ज्या तीन शाळांत आमच्या किसाची चव-चाचणी चालू होती, तिथल्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांना फोन लावले. तिघीही कडू लागतो म्हणून मीठ चोळून पिळत होत्या. पाण्याचं काय करता, हे मी आयुष्यात प्रथमच कुणाला विचारत होते. एकीने आमटीत घालतो म्हणून सांगितलं. दुसरी भातात घालायची. तिसरीच्या शाळेत फिट येणारा एक मुलगा होता, अशक्त म्हणून ती त्याला ते पाणी प्यायला द्यायची. पौष्टिक असतं म्हणून आम्हीच तर भिंतीवर तक्ते लावले होते. फिटच्या एका औषधालाही हेच विकर फोडतं. मी शाळेत फोन करून ते त्याच तासाला थांबवलं. मुलाचं औषध वेगळं निघालं, एवढं नशीब.

तीन दिवसांनी डॉ. हुक्केरींनी मला आणि दादाला निकाल सांगितला. किडनीचा साधारण पाचवा भाग कायमचा गेला होता. उरलेली चालेल, पण जी पंधरा वर्षं सहज चालली असती ती आता सहा-सात चालेल. मी गाजराचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, दोन प्रश्न विचारले, दोष कुणाला दिला नाही. मग फाईल बंद करताना ते दादाला म्हणाले की पुढचा विचार आत्तापासून करून ठेवलेला बरा, आणि तुमच्या मिसेसचं नाव यादीत आहेच.

आम्हा दोघांनाही काही कळलं नाही. डॉक्टरांना वाटलं होतं, आम्हाला माहीत असेल. वहिनीचा रक्तगट दादाशी जुळत नाही, म्हणून अदलाबदलीच्या यादीत तिने नाव घातलं होतं. तिची किडनी दुसऱ्या कुणाला, आणि त्या घरातली दादाला. सगळ्या तपासण्याही झाल्या होत्या. मी तारीख विचारली. मार्चचा दुसरा आठवडा. गडहिंग्लजहून एसटीने आल्या होत्या, एकट्याच, डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी जिन्यात तिला बोलले, त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत.

दादा रडला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, तो वडील गेले तेव्हाही असा रडला नव्हता. मला रडू आलं नाही. मला फक्त फार लाज वाटत होती.

घरी आल्यावर मी वहिनीला एकटीला गाठून विचारलं, सांगितलं का नाही. ती भांडी पुसत होती. शांतपणे म्हणाली, "तुमची किडनी कवातरी थकणार, हे मला पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. तवा कुणीतरी तयार पायजे का नको?"

सोमवारी आमचे संचालक सबनीस पुण्याहून आले. सबनीस सज्जन माणूस आहेत, हे आधी सांगते. त्यांनी दादाची चौकशी केली, दवाखान्याला काही मदत लागेल का विचारलं. मग विषयावर आले. जूनला पाच आठवडे राहिले होते. जाईच्या खोलीवर साठ बायकांचं काम अवलंबून होतं, त्यांतल्या बहुतेकींना मीच निवडून घेतलं होतं. सबनीसांचं म्हणणं असं, की घटना लपवायची नाही, तिची नोंद जरूर करावी. पण नोंद खरी असावी. आपला माल मर्यादेत होता. एका घरातल्या गृहिणीने तो सूचनेबाहेर वापरला. वापरकर्त्याची चूक, असं दाखल्यात एका ओळीत लिहावं, पाकिटावर पिळू नये असं छापावं, आणि सही करावी. त्यांनी मजकूर तयारही करून आणला होता. तो मजकूर खोटा नव्हता, हीच अडचण होती.

मी दोन दिवस घेतले. साठ बायकांचे चेहरे मला ओळखीचे होते, त्यांतल्या कितीजणींची मुलं कोणत्या इयत्तेत आहेत तेही माहीत होतं. सही केली असती तर त्या राहिल्या असत्या, मी राहिले असते, आणि पाकिटावरची सूचना बऱ्याच लोकांनी वाचलीही असती. पण जी सूचना आधीपासून छापलेली नव्हती ती मोडल्याचा ठपका वहिनीवर येणार होता, कायमचा, सरकारी कागदावर. कडू भाजीला मीठ चोळून पिळणं आणि पाणी वाया न घालवणं, हे महाराष्ट्रातली कोणतीही बाई करेल. ते मला आईच्या पोटात असल्यापासून माहीत होतं आणि माझ्या फायलीत त्याला एक ओळही नव्हती. मी माणशी पन्नास ग्रॅम मोजले. माणूस जेवतो कसा, ते मोजलं नाही.

मी माझा अहवाल लिहिला, अकरा पानांचा, आणि सबनीसांना न दाखवता थेट शाळांच्या जेवणाच्या योजनेच्या सरकारी समितीकडे पाठवला. दाखल्यावर सही केली नाही. मे महिन्यात योजना स्थगित झाली. जाईची खोली बंद पडली. चाळीस बायकांना साध्या कापणीत घेतलं, वीसजणी घरी बसल्या. त्यांतली एक बाजारात भेटली तेव्हा तिने मला बघून रस्ता बदलला, आणि मला तिचा राग आला नाही. माझी बदली बियाण्यांच्या विभागात झाली, जिथे कुणी मला काही विचारत नाही.

अहवाल पाठवला त्याच्या पुढच्याच रविवारी त्याची एक प्रत घेऊन मी घरी गेले होते. दादा बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत होता. आई आतल्या खोलीत टीव्ही बघत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीसमोर खाली बसले आणि माफी मागितली. सविस्तर मागितली, जिन्यातल्या वाक्यासकट. वहिनीने ऐकून घेतलं. असू दे वगैरे काही म्हणाली नाही. मग तिने माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं.

"ह्यात माझं नाव हाय?"

"नाही."

"मग चूक कुणाची म्हणून लिवलीसा?"

"माझी."

वहिनीने हात पुसले, कागद घेतले, दोन पानं उलटली. अक्षरं बारीक होती, आकड्यांचे तक्ते होते. तिने ते नीट जुळवून मला परत दिले.

"आत्तींनाबी वाचून दावा," ती म्हणाली. सासूला ती आत्ती म्हणते. "मोठ्यानं वाचा. मी हितनं ऐकते."

मी उठून आतल्या खोलीत गेले आणि टीव्ही बंद केला. आई कुरकुरली. दादाने पेपर बाजूला ठेवला आणि दारात येऊन उभा राहिला. स्वयंपाकघरातली भांड्यांची खडखड थांबली. मी आईसमोर बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.